“कुणाला सांगू नका,” ती म्हणाली. मी “नाही सांगत” म्हटले

वाचकाचे पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील बदलून: सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातील एका ग्रामीण रुग्णालयात पत्रलेखिका ९ वर्षे स्टाफ नर्स आहेत. दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला घेऊन आलेल्या २३ वर्षांच्या एका बाळंतिणीचा चेहरा पाहून त्यांना शंका आली. तिला ही दुसरी मुलगी. नवरा गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यात तमिळनाडूला, घरी सासू-सासरे आणि तीन वर्षांची थोरली. प्रशिक्षणात मिळालेली बाळंतपणानंतरच्या नैराश्याची दहा प्रश्नांची मराठी प्रश्नावली पत्रलेखिकेने लसीच्या टेबलापाशीच तिच्याकडून भरून घेतली. बेरीज १४ आली. स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयीच्या दहाव्या प्रश्नाला तिने “अधूनमधून” असे उत्तर दिले आणि लगेच हात धरून म्हणाली, “सिस्टर, कुणाला सांगू नका. माझी पोरगी काढून घेतील अन् मला माहेरी धाडतील.” पत्रलेखिकेच्या तोंडून “नाही सांगत” असे निघून गेले. नंतर ड्यूटीवरच्या ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, “बाळंतिणी रडतातच. तूच तिच्या डोक्यात नको ते भरवलंस. हे आपलं काम नाही.” या गोष्टीला चार दिवस झाले. त्या विचारतात: दिलेला शब्द पाळू की मोडू? विचारले हेच चुकले का? आणि हे खरोखर परिचारिकेचे काम आहे का?

सिस्टर,

पत्राच्या तळाशी तुम्ही फोन नंबर लिहिला होता हे बरे झाले. सदर छापून येईपर्यंत थांबण्याजोगा हा प्रश्न नव्हता, म्हणून पत्र हाती आले त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. त्याच रात्री वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचे आणि सकाळी आशाताईंना बरोबर घेऊन तिच्या घरी जायचे, एवढेच तेव्हा आपले ठरले. दहाव्या प्रश्नाला “कधीच नाही” याखेरीज दुसरे कोणतेही उत्तर आले, तर बाकीच्या नऊ प्रश्नांची बेरीज काहीही असो, पुढचे बोलणे त्याच दिवशी, बाई दवाखान्याच्या आवारात असतानाच व्हायला हवे. तुमचे चार दिवस गेले ते गेले. त्याची टोचणी पत्राच्या ओळीओळीत दिसते आणि मी तिच्यात भर घालणार नाही. पण तुमच्या तीन प्रश्नांना सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण असाच भरलेला कागद हातात घेऊन अडलेल्या आणखीही परिचारिका, एएनएम आणि आशाताई हे सदर वाचतात.

शब्दापासून सुरुवात करते. पाळू की मोडू, असे तुम्ही विचारता. मला वाटते, खरा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडे आहे. असा शब्द देणे तुमच्या हातात होते का? टाक्यांतून रक्त येते आहे हे डॉक्टरांना सांगू नका, असे एखादीने हात धरून विनवले असते, तर तुम्ही तिची समजूत घातली असती. “नाही सांगत” म्हटले नसते. मनाच्या दुखण्याच्या बाबतीत मात्र गुप्तता राखणे म्हणजे गप्प बसणे, असा आपला समज होऊन बसला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि जिवाला असलेला धोका टाळण्यासाठी लागेल तेवढी माहिती सांगण्याची मुभाही देतो. यातले “लागेल तेवढी” हे शब्द मी अधोरेखित करीन. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळे सांगायचे, घरातल्या माणसाला तिला सांभाळण्यापुरते सांगायचे, आणि लसीच्या रांगेतल्या बायकांना, शेजारणीला किंवा तुमच्याच चहाच्या टेबलावर काहीही सांगायचे नाही.

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवत असताना त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेत असे: “तुम्ही सांगाल ते मी गावात नेणार नाही. पण तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि ते मी आधी तुम्हाला सांगून मगच करीन.” हे वाक्य पहिला प्रश्न विचारण्याच्या आधी म्हणायचे असते, उत्तर आल्यावर नव्हे. असे आधीच सांगितले तर बाई तोंड उघडणार नाही, अशी भीती मुली बोलून दाखवत. माझा अनुभव उलट आहे. आपले बोलणे कुठवर जाणार हे कळले की बाईला जरा धीर येतो, आणि कितीतरी जणींना ते डॉक्टरांपर्यंत जावे असेच मनातून वाटत असते, फक्त ते स्वतः घेऊन जाण्याचे बळ त्यांच्यात उरलेले नसते.

आता तुमच्या हातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा हे फोनवर घाईत सांगितले होते, ते इथे नीट सांगते. डॉक्टरांनी किंवा सासूने विषय काढण्याआधी तिच्याशी तुम्ही बोलायला हवे. “त्या दिवशी मी तुला घाईत चुकीचा शब्द दिला. तुझी काळजी वाटते म्हणून मी डॉक्टरांशी बोलले आहे. घरात काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू,” एवढे म्हणा. ती रागावेल, कदाचित तुमच्याकडे पाठ फिरवेल. तो राग तुम्ही सोसायचा. मुलगी काढून घेतील, ही तिची भीतीही हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे “हिला वेड लागलंय” एवढ्या शब्दावर सुनेला माहेरी बसवल्याची उदाहरणे तिने ऐकलेली असणार. तिला हे सांगता येईल, की उपचारासाठी मानसिक आरोग्य संस्थेत राहावे लागले तरी तीन वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईपासून वेगळे करू नये, असे याच कायद्याच्या २१व्या कलमात म्हटले आहे. आणि हेही, की तिच्यासारख्या बहुतेक जणी घरी राहून, बाळाला अंगावर पाजत बऱ्या होतात.

दुसरा प्रश्न, विचारले हेच चुकले का. नाही. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. या विषयावर काम करणाऱ्यांचे याबाबत एकमत आहे आणि माझ्या उभ्या नोकरीत मला याला अपवाद दिसला नाही. न विचारल्याने काय होते, हे मात्र मी पाहिले आहे. मी नवी असताना वॉर्डात एक शांत, हसतमुख बाळंतीण होती. सकाळच्या फेरीच्या वेळी ती बाळाच्या दुपट्याची घडी घालत होती. औषधांची ट्रॉली घेऊन मी वॉर्डाच्या टोकाला जाऊन परत आले, तरी तेच दुपटे, तीच घडी. घालायची, उलगडायची, हाताने सुरकुत्या काढायच्या, पुन्हा घालायची. बाळ शेजारी रडत होते आणि तिची मान वर होत नव्हती. रिपोर्ट बुकात मी लिहिले, “पेशंट कम्फर्टेबल, नो कम्प्लेंट्स”. महिना भरायच्या आत तिला विहिरीतून काढून त्याच रुग्णालयात आणले. ती वाचली. माझ्या अक्षरातली ती ओळ अजूनही माझ्या डोळ्यांसमोर येते.

तेव्हा विचारलेत ते योग्यच केलेत. चुकली ती जागा. लसीच्या टेबलापाशी, रांग लागलेली, सासूबाई हाकेच्या अंतरावर, अशा ठिकाणी ती खरे बोलली हे तिचे धाडस म्हणायचे. दुसरी एखादी दहाही प्रश्नांना सगळे उत्तम असे उत्तर देऊन गेली असती, आणि अशी शून्य बेरीज मला चौदापेक्षाही कधी कधी जास्त अस्वस्थ करते. दीड महिन्याच्या बाळंतिणीच्या मनात सात दिवसांत एकदाही काळजी डोकावली नाही, यावर विश्वास कसा ठेवावा? जागेची अडचण मला माहीत आहे. वेगळी खोली मागितली तर कोठीघरही मिळणार नाही. पण लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवण्याची पद्धत आहे, आणि दहा प्रश्नांना पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. तो अर्धा तास वापरा. आजीला बाळ घेऊन वजनकाट्यापाशी पाठवा आणि “आईचे टाके बघायचे आहेत” म्हणून हिला पडद्यामागे घ्या. टाक्यांच्या नावाखाली कुणी मागे येत नाही. आणि टाके खरोखरच बघा. सिझेरियनची जखम चिघळलेली असली तर रडण्याचे निम्मे कारण तिथेच सापडायचे.

प्रश्नावलीविषयीही थोडे बोलते, कारण तिच्याकडून आपण नको तेवढी अपेक्षा ठेवतो किंवा मग काहीच ठेवत नाही. तुम्ही भरून घेतलीत ती एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ मध्ये कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि बेरीज जास्तीत जास्त ३०. कुठे १० ही सीमा धरतात, कुठे १३. सीमेच्या वर गेलेल्या आकड्यावरून निदान होत नाही; हिला डॉक्टरांनी नीट पाहायला हवे, एवढेच तो सांगतो. या प्रश्नावलीत थकवा आणि भूक यांवर भर नाही, कारण रात्री चार वेळा उठणारी प्रत्येक बाळंतीण थकलेली असतेच. आपल्या भागात बऱ्याच जणींना प्रश्न वाचून दाखवावे लागतात, तेव्हा तुमचा आवाज आणि तुमची नजर हेही प्रश्नाचाच भाग होतात. उत्तर येईपर्यंत कागदाकडे पाहा, पेन खाली ठेवा, आणि तिच्याआधी तुम्ही उत्तर सुचवू नका.

शिवाय कागदावरची भाषा आणि तिची भाषा वेगळी असते. “मला नैराश्य आले आहे” असे आमच्याकडे कोणतीही बाई म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, अंगात ताकदच उरली नाही. “ताकद नाही” ऐकले की आपण लोहाची गोळी लिहून मोकळे होतो. हिमोग्लोबिन तपासावेच, थायरॉइडही तपासायला सांगावे, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडले तर चित्र असेच दिसू शकते. लोहाची गोळीही बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायची असते. पण त्यासोबत एक प्रश्न विचाराच, “बाळ झोपलेलं असतं, घर शांत असतं, तेव्हा तुला झोप लागते का?” झोपायला मिळत नाही आणि मिळूनही झोप येत नाही, यातला फरक या प्रश्नाने जेवढा उघड होतो तेवढा दुसऱ्या कशानेही होत नाही, असे मला वाटते. बाळाचा श्वास चालू आहे का हे पाहायला रात्रीतून दहा-दहा वेळा उठणारी आई सगळ्यांना फार मायाळू वाटते. तीही नैराश्याच्या वाटेवर असू शकते.

तुमच्या ज्येष्ठ सिस्टरांचे “बाळंतिणी रडतातच” हे म्हणणे अर्धे खरे आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास डोळे भरून येणे, उगाच चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक जणींना होते, आणि ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. तिथे औषध लागत नाही. झोप आणि धीर पुरतो. पण तुमची बाळंतीण सहा आठवडे उलटलेली आहे, तिला तो न्याय लावता येणार नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. तुमच्या लसीच्या दिवशी २० आया रांगेत बसत असतील, तर त्यांत चारेक जणी अशा असू शकतात. तिसरा प्रकार, बाळंतपणानंतरचा सायकोसिस (तीव्र मनोविकार), विरळा, हजारात एक-दोन जणींना होणारा, पण त्याला तास मोजून पळावे लागते: बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच झोप पूर्ण उडते, बोलण्यात ताळमेळ राहत नाही, आवाज ऐकू येतात, बाळ बदलले आहे किंवा बाळात काही शिरले आहे अशी खात्री वाटू लागते. गावात याला “बाहेरचं” म्हणतात आणि देवऋषीकडे दोन-तीन दिवस जातात. तिथे १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे आणि तोवर आई-बाळाला एकटे सोडायचे नाही. एक खुलासा मात्र हवा. “बाळ हातातून पडेल, माझ्याच हातून त्याला काहीतरी होईल” असे नकोसे विचार येऊन जी आई स्वतःच घाबरते आणि सुरीसुद्धा दूर ठेवते, तिची गोष्ट या प्रकाराहून वेगळी आहे. तिला धोकादायक ठरवून बाळ बाजूला नेले तर ती पुन्हा कधीच बोलणार नाही. तिला पाहून नीट फरक करणे हे डॉक्टरांचे काम. आपण तिचे शब्द जसेच्या तसे पोहोचवायचे.

दहाव्या प्रश्नानंतर काय विचारायचे, हे प्रशिक्षणात बहुधा घाईत उरकले जाते, म्हणून इथे थांबते. मनात नेमके काय येते, झोपेतून उठूच नये असे, की स्वतःला काही करावे असे? किती वेळा येते? कसे करायचे याचा विचार झाला आहे का, आणि ती वस्तू घरात हाताशी आहे का? पूर्वी कधी तसा प्रयत्न केला होता का? बाळाविषयी असे काही मनात येते का? कोणाची आठवण आली की थांबतेस? घरात कोणी हात उचलतो का, हेही याच वेळी आणि एकटीला विचारायचे. बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल, तर तिला घरी पाठवू नका. डॉक्टर येईपर्यंत कुणीतरी तिच्याजवळ बसून राहायला हवे. तुमच्या पट्ट्यात डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा आहेत, म्हणजे फवारणीची औषधे घराच्या माळ्यावर किंवा गोठ्यात असणारच. ती घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली सासऱ्यांच्या कनवटीला, हे त्याच दिवशी करून घ्या. उबळ येते तो वेळ पुष्कळदा थोडा असतो; तेवढ्या वेळात बाटली सापडली नाही, याने जीव वाचतात.

आता सासूबाईंविषयी. तुमच्या पत्रात त्या फक्त अडथळा म्हणून येतात, आणि इथे मला तुमच्या गृहीतकाला थोडा धक्का लावावासा वाटतो. नवरा तमिळनाडूत, तुम्ही दहा-बारा किलोमीटरवर, मी त्याहून लांब; रात्री दोन वाजता त्या घरात जाग असलेली दुसरी बाई कोण? ज्यांना ती आत्या म्हणते, त्याच. दुसरी मुलगी झाल्यावर त्या काही लागट बोलल्या असतील, नाकारत नाही. गोव्यातल्या आयांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते आठ आठवड्यांच्या आयांपैकी २३ टक्के जणींना नैराश्य आढळले आणि मुलगी होणे, गरिबी, नवऱ्याकडून होणारा छळ या गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून आई आजारी पडते असा याचा अर्थ घेऊ नका. मुलगी झाल्यावर तिच्याशी घर कसे वागते, त्याचा हा हिशेब आहे. पण सासूला आरोपी करून उभे केले तर तुम्ही निघून आल्यावर त्याची किंमत सून चुकवील.

म्हणून त्यांच्याशी बोलताना त्यांच्या हातातल्या गोष्टीपासून सुरुवात करा. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपतात. तेल लावून न्हाणे, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, माणसांचा राबता. सव्वा महिना संपतो, मालिश करणारी बाई बंद होते, आणि दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढे, पाण्याच्या कळशीपाशी, थोरलीच्या हट्टापाशी उभी असते. पुष्कळ जणींचे दुखणे नेमके या वळणावर दिसू लागते, असे माझे निरीक्षण आहे. तेव्हा आजींना म्हणा, “मावशी, तुम्ही सव्वा महिना चांगलं जपलंत. हिला आणखी काही दिवस तसंच जपायला लागणार आहे. बाळंतपणानंतर जसा अंगात ताप राहतो तसा हिच्या मनात एक आजार राहिलाय. तो औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो.” त्यानंतर तीनच गोष्टी सांगा, चौथी लक्षात राहत नाही. रात्रीतून एकदा सलग चार-पाच तास तिला झोप मिळाली पाहिजे, बाळ तेवढा वेळ तुम्ही घ्या, दूध काढून ठेवता येते. तिला एकटी सोडू नका आणि फवारणीच्या औषधांना कुलूप लावा. झोप पूर्ण उडाली, बोलणे विसंगत झाले किंवा मरणाची भाषा आली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि मग त्यांनाच विचारा, “मावशी, आता घरी गेल्यावर मामांना काय सांगाल?” त्या जे सांगतील, तेवढेच त्यांना कळले आहे असे समजा आणि उरलेले पुन्हा सांगा. माहितीपत्रक हातात देऊन “शिक्षण दिले” असा शेरा मारण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. दहावा प्रश्न आणि त्याचे उत्तर मात्र तिच्या संमतीशिवाय शब्दशः सांगू नका. जपायला जेवढे लागते तेवढेच.

नवऱ्याला, तिची हरकत नसेल तर, तिच्यासमोरच व्हिडिओ कॉल लावा. गलाईवाल्यांची दुकाने हजार-बाराशे किलोमीटरवर असतात आणि घरची खबर त्यांना आईच्या तोंडून, तिच्या रंगाने मिळते. तुमच्या तोंडून दोन मिनिटे मिळाली तर फरक पडेल. तो येऊ शकला तर उत्तमच.

औषधाचा प्रश्न तिथेच निघेल: “गोळ्यांनी दूध खराब होतं का?” गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील; तुम्ही एवढे खात्रीने सांगू शकता, की सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधे दुधातून बाळापर्यंत फारच थोडी जातात आणि पाजणाऱ्या आयांना ती वर्षानुवर्षे दिली जातात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नाहीत, ही दोन वाक्ये पहिल्याच दिवशी सांगितली नाहीत तर दहाव्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर जातात. पूर्वी कधी तिला अतिउत्साहाचा, झोपेविना दिवसच्या दिवस काम करण्याचा झटका आला होता का, हे विचारून डॉक्टरांना कळवा, कारण त्यावरून औषध बदलते. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. चिठ्ठीवर नुसते “सायकियाट्री” लिहून पाठवू नका, वार आणि वेळ आधी विचारून आशाताई किंवा घरचे कुणी बरोबर द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, टेलि-मानस, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही आणि विनामूल्य मिळते. तो क्रमांक तिच्या फोनमध्ये तुमच्यासमोर, वाटल्यास दुसऱ्या कुठल्या नावाने, जतन करून द्या.

राहिला तिसरा प्रश्न, हे आपले काम आहे का. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आशाताईंसारख्या तिथल्या आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या आयांच्या घरभेटी करायला लावल्या. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्या आयांपैकी २३ टक्के जणींना नैराश्य उरले होते. ज्यांना नेहमीच्याच भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्के. हे काम मनोविकारतज्ज्ञांनी केलेले नव्हते. तुमच्या ज्येष्ठ सिस्टरांशी वाद घालू नका. त्यांनी कदाचित असे पंचवीस कागद पुढे पाठवून एकाचेही उत्तर आलेले पाहिले नसेल. पण आपल्या घरभेटींचे वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवून पाहा. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या भेटी तिसऱ्या दिवशी सुरू होतात आणि ४२व्या दिवशी संपतात. पुढची ठरलेली घरभेट थेट तिसऱ्या महिन्यात. सव्वा महिन्याचे जपणे संपते आणि घरभेटीही थांबतात, त्या मधल्या काळात बाळंतीण न चुकता एकाच ठिकाणी येते, ते म्हणजे तुमचे लसीचे टेबल: ६, १० आणि १४ आठवड्यांना. हे टेबल सोडून तिला दुसरीकडे कोण विचारणार आहे?

नोंदीबद्दल एक सूचना करून थांबते. तिचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरणचिन्हात, केसपेपरवर लिहा. बेरीज, दहाव्या प्रश्नाचे उत्तर, कोणाला किती वाजता कळवले, हे सगळे. पण माता-बाल संरक्षण कार्डावर यातले अक्षरही लिहू नका, कारण ते कार्ड घरी जाते, कपाटावर राहते आणि येणारा-जाणारा ते चाळतो. तिथे फक्त पुढच्या लसीची तारीख असू द्या. दहा आठवड्यांच्या लसीला ती येईल, त्या दिवशी तुमची ड्यूटी दुसरीकडे लागली असेल तर बदलून घ्या, आजीला वजनकाट्याकडे पाठवा, पडदा ओढा आणि तेच दहा प्रश्न पुन्हा विचारून नवा आकडा १४ च्या शेजारी लिहा.